बाहेरचा दिवा बंद करून

एकटी बाई, रात्रीची वेळ, दारावरचा दिवा मालवलेला आणि टीव्हीवर भुताखेतांचा सिनेमा. एवढं वाचूनच तुमच्यापैकी निम्म्या जणींनी ‘अगं बाई!’ म्हटलं असेल. उरलेल्या निम्म्या मनात म्हणाल्या असतील, ‘बिचारीला कुणी नसेल हो!’ मैत्रिणींनो, माझं भांडण आहे ते या ‘बिचारी’शी.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीत असते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. चाळिशी ओलांडली आहे. २०१३ मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, तेव्हापासून एकटी राहते. दरवर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे तिकडच्या हॅलोवीनला, ती पाळी बदलून घेते, दार लावते आणि रात्री दोन-अडीचपर्यंत एकापाठोपाठ एक भीतिपट बघत बसते. सोबतीला आईने कुरियरने धाडलेला दिवाळीचा चिवडा. कुणाला बोलवत नाही, कुणाकडे जात नाही.

ही बातमी आमच्या नातेवाइकांत पोचली तेव्हा काय झालं असेल ते सांगायला नको. एका मुंजीत मावशीने मला बाजूला घेतलं. ‘‘तू समाजकार्य करतेस ना, मग आधी आपल्या बहिणीला समजावून सांग. सणाच्या दिवशी पोर एकटी बसून भुतं बघते, मनावर परिणाम झालाय का तिच्या?’’ मामींचं मत वेगळं होतं. त्यांना वाटलं, हे सगळं दुसरं लग्न न केल्यामुळे होतंय. बुंदीच्या पंगतीत बसून बहिणीच्या मनाचं निदान चाललं होतं, आणि ती तिकडे बापडी झोपली असेल.

आता हॅलोवीन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. हल्ली आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांत आणि काही इंग्रजी शाळांत मुलांना त्या दिवशी भुताचे कपडे घालून मिरवतात, पण का मिरवायचं हे बहुधा शिक्षकांनाही ठाऊक नसतं. या सणाचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्ट लोकांच्या ‘साऊइन’ नावाच्या सुगीअखेरच्या सणात सांगतात. उन्हाळा संपला, धान्य घरात आलं, आता काळोखाचे दिवस सुरू. त्या संधिकाळात मेलेल्यांचे आत्मे घराकडे फिरकतात अशी समजूत. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण होते की नाही? पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस झाला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लाखो माणसं अमेरिकेला गेली आणि सणही बरोबर घेऊन गेली. मायदेशी ते लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, अमेरिकेत त्यांना लाल भोपळा मिळाला. भोपळा कोरायला मऊ, आकारानेही मोठा. तिकडे ऑक्टोबरात दारोदार पायरीवर दात विचकलेले भोपळे बसवलेले असतात ते यामुळे.

संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघरी फिरतात आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू! यात एक अलिखित नियम आहे, आणि मला तो फार आवडला. ज्या घराच्या दारावरचा दिवा लागलेला असेल त्याच घराची बेल वाजवायची. दिवा बंद असेल तर त्या घरच्यांना त्रास द्यायचा नाही. का बंद आहे, घरात कोण आहे, एकटं आहे का, कुणी विचारत नाही.

२०२२ मध्ये मी अडीच महिने बहिणीकडे होते. दिवाळी त्या वर्षी २४ ऑक्टोबरला झाली आणि लगेच आठवड्याने हॅलोवीन. आम्ही दोघींनी मिळून सिनेमे बघायचं ठरलं होतं, पण दुपारी रुग्णालयातून फोन आला. तिची सहकारी आजारी पडली होती, हिला रात्रपाळीला जावं लागलं. जाताना म्हणाली, ‘‘ताई, टोपल्यात चॉकलेटं आहेत, मुलं आली तर दे. कंटाळलीस की दिवा बंद कर. मागचं दार लावून घे. आणि डीव्हीडी त्या कपाटात आहेत, पण एकटीने बघवणार नसेल तर नको बघूस.’’ हे शेवटचं वाक्य ती मुद्दाम बोलली असणार. मोठ्या बहिणीला असं म्हटल्यावर मोठी बहीण काय करणार?

साडेआठपर्यंत मुलं येत राहिली. राजकन्या, कोळी-माणूस, एक छोटा उभा केळ्याचा घड, आणि एक आपलाच भारतीय मुलगा, ज्याची आई त्याच्या हाडांच्या सापळ्याच्या अंगरख्यावर स्वेटर चढवण्यासाठी मागे मागे पळत होती. भुतालाही सर्दी होऊ नये, ही मराठी नाहीतर गुजराती आईच असणार! प्रत्येक मुलाबरोबर फाटकाशी कुणीतरी मोठं माणूस उभं होतं. तिकडे आईवडील मुलांनी आणलेला खाऊ घरी गेल्यावर निवडून, तपासून मगच त्यांना देतात. कुणीतरी अनोळखी माणूस गोळ्यांत विष घालतो, सफरचंदात ब्लेड घालतो, ही तिथली फार जुनी धास्ती आहे.

या धास्तीचा शोध जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं घेतला. १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. हॅलोवीनच्या खाऊतून विष दिल्याची जी खरी, गाजलेली घटना आहे ती १९७४ ची, टेक्सासमधली. आठ वर्षांचा मुलगा गोळ्यांच्या भुकटीतल्या सायनाइडने गेला. ती भुकटी त्याला त्याच्या सख्ख्या बापाने दिली होती. मुलांच्या नावावर विमा उतरवला होता. दारोदार वाटल्या जाणाऱ्या विषाची भीती लोकांच्या मनात होतीच, तिच्याच आड तो लपायला बघत होता. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. पण लोक आजही शेजारणीची चॉकलेटं उजेडात धरून बघतात.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, साडेआठला मी दारावरचा दिवा बंद केला, मागचं दार दोनदा बघितलं, चिवड्याचा डबा घेतला आणि कपाटातली पहिली डीव्हीडी लावली. सिनेमाचं नावच ‘हॅलोवीन’. १९७८ चा, दिग्दर्शक जॉन कार्पेंटर. साधारण सव्वातीन लाख डॉलरमध्ये केलेला हा सिनेमा, तिकडच्या हिशेबाने अगदी गरिबाघरचा. खुन्याचा तो प्रसिद्ध पांढरा मुखवटा म्हणजे दुकानातला ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टनचा स्वस्तातला मुखवटा पांढरा रंगवलेला. चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात झालं, त्यामुळे शिशिरातली पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची आणि दृश्य झालं की गोळा करून पुन्हा वापरायची! आपल्या बायकांच्या काटकसरीत शोभेल असं काम. आणि खरंच, त्या सिनेमाची निर्माती बाई होती, डेब्रा हिल. कार्पेंटरबरोबर पटकथाही तिचीच. त्यातल्या तीन मैत्रिणी शाळेतून घरी येताना ज्या गप्पा मारतात त्या तिने लिहिल्या, आणि त्या इतक्या खऱ्या वाटतात की आपण कॉलेजच्या दिवसांत पोचतो. सिनेमातल्या गावाला तिने आपल्या न्यू जर्सीतल्या गावाचं नाव दिलं, हॅडनफील्ड. २००५ मध्ये ती गेली. भीतिपट हे पुरुषांचं खातं आहे असं मानणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. अठराशे अठरा साली प्रसिद्ध झालेलं ‘फ्रँकेन्स्टाइन’ मेरी शेलीने लिहायला घेतलं तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती, हे तर आम्हाला बी. ए.ला इंग्रजीच्या मॅडमनी सांगितलंच होतं.

कथा अगदी साधी. लॉरी नावाची शाळकरी मुलगी हॅलोवीनच्या रात्री शेजारच्यांचं मूल सांभाळायला बसली आहे. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला खुनी त्या गल्लीत हिंडतो आहे. लॉरीचं काम जेमी ली कर्टिसने केलं आहे. तिची आई जॅनेट ली म्हणजे हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’मधली न्हाणीघरात मारली जाणारी नायिका. आई मेली, लेक वाचली, असं मी मनात म्हटलं.

सिनेमा सुरू होऊन तासभर झाला. लॉरी अंधारातून समोरच्या घराकडे निघाली, पियानोचे तेच ते सूर, माझा हात चिवड्याच्या डब्यात तसाच, आणि शेजारी फोन खणखणला! मी डब्यासकट उडाले. आमचे हे होते. आपल्याकडे सकाळचे सात वाजले होते. ‘‘अगं, दूधवाला पैसे मागतोय, वही कुठे ठेवलीस?’’ फ्रिजवर, म्हटलं, आणि फोन ठेवला. नंतर त्यांनी बहिणीला विचारलं म्हणे, ताई का रागावली होती?

त्यापुढचं दृश्य मला या लेखात लिहायचंच होतं. लॉरी जखमी होऊन जिवाच्या आकांताने रस्त्यावर पळते. शेजारच्या दारावर धडका मारते, ओरडते, मदत मागते. त्या घरातला दिवा लागतो. आतून कुणीतरी खिडकीचा पडदा जरासा सरकवून बघतं. आणि दिवा पुन्हा बंद होतो. बस्स. शेजारी कोण होते ते आपल्याला कळतच नाही. हॅलोवीनची रात्र आहे, पोरं थट्टा करत असतील, असं त्यांना वाटलं असेल. किंवा नसेलही वाटलं.

सिनेमात मुखवटेवाला चाकू घेऊन येतो तेव्हा मला नुसतं दचकायला झालं. हा दिवा बंद झाला तेव्हा मात्र पोटात कालवलं, कारण हा प्रसंग मी आमच्या गावात अनेकदा ऐकला आहे. आमच्या समुपदेशन केंद्रात बायका येतात, त्या सांगतात, ‘‘ताई, मी ओरडत होते तेव्हा शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.’’ एकीने सांगितलं की समोरच्या माडीवरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नळावर तिच्याशी जास्तच गोड बोलल्या. ‘नवराबायकोचं आहे, आपण कशाला मध्ये पडा’ या एका वाक्यावर आपली अख्खी आळी निवांत झोपते. आपल्याकडे २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम निघाली होती. शेजारून मारहाणीचा आवाज आला तर काही नको, फक्त जाऊन बेल वाजवा, वाटीभर दूध मागा, घड्याळ विचारा. टीव्हीवर त्याच्या जाहिराती लागायच्या, कुणाला आठवत असतील. आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर स्पष्ट सोय आहे. अशी हिंसा होते आहे असं सकारण वाटणारी कुणीही व्यक्ती, म्हणजे तुम्ही आणि मीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिकपणे कळवलं असेल तर त्याबद्दल तिच्यावर कसलीही कारवाई होत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. ११२ तर आहेच. पडद्याआडून बघून दिवा मालवण्याइतकाच वेळ या फोनला लागतो.

मी सिनेमा सोडून भाषण द्यायला लागले, नाही का? सवय आहे, काय करणार.

त्या सिनेमात लॉरी वाचते ती स्वतःच्या हिमतीवर. तिच्याकडे शस्त्र काय, तर विणकामाची सुई! नंतर कपाटात लपलेली असताना कपडे अडकवायचा तारेचा हँगर वाकवून ती खुन्याच्या डोळ्यात खुपसते. शेवटी डॉक्टर येऊन गोळ्या झाडतो खरा, पण तोवर दोन मुलांना सांभाळून तिने एकटीनेच किल्ला लढवलेला असतो. सगळे मेल्यावर उरणाऱ्या अशा मुलीला कॅरल क्लोव्हर नावाच्या विदुषीने ‘फायनल गर्ल’ म्हणजे ‘शेवटची मुलगी’ असं नाव दिलं, आणि १९९२ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. मला त्या सिनेमात एक गोष्ट खटकलीच. मित्राबरोबर मजा करणाऱ्या दोघी मुली मरतात आणि अभ्यासू, मुलांपासून लांब राहणारी वाचते. कार्पेंटर म्हणतात की आम्हाला तसं काही सुचवायचं नव्हतं. नसेलही. पण पुढच्या कित्येक सिनेमांनी तोच धडा गिरवला, आणि ‘नीट वागली असती तर वाचली असती’ हे वाक्य तर आपण वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातम्यांवरही ऐकतोच.

बहीण पहाटे आली तेव्हा मी जागीच होते. चहा करता करता तिला विचारलं, की बाई गं, तुझं आयुष्य एवढं धकाधकीचं, मग विश्रांतीच्या रात्री हे रक्त आणि किंकाळ्या कशाला? ती सहज म्हणाली, ‘‘ताई, त्या घरात होते तेव्हा कुलुपात किल्ली फिरल्याचा आवाज आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. आज कसा मूड असेल, भाजीवरून होईल की फोनवरून होईल. आता सिनेमात काय वाटेल ते वाजू दे, रिमोट माझ्या हातात असतो.’’

एवढं बोलून तिने कपात आलं किसलं. मला पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

सिनेमातला खुनी बाहेरून येतो. मुखवटा घालून, भिंतीवरून, खिडकीतून. १९७९ च्या ‘व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स’ या सिनेमात मुलं सांभाळणाऱ्या मुलीला सारखे धमकीचे फोन येतात, आणि पोलीस तिला सांगतात की हे फोन तू बसली आहेस त्याच घरातून येताहेत! तो प्रसंग आजही लोकांना झोपू देत नाही. पण आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे ५१,१०० स्त्रिया-मुली आपल्या जोडीदाराच्या किंवा घरच्या माणसाच्या हातून मारल्या गेल्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. म्हणजे रोज १४०. आपल्याकडच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर दहांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. परदेशी गेलं म्हणून यातून सुटका होते असंही नाही. न्यू जर्सीत ‘मानवी’ नावाची संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी हेच काम करते आहे, म्हणजे तिकडेही तेव्हापासून गरज होतीच. त्या टेक्सासच्या बापाची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती यासाठी. आपण बाईला सतत बाहेरच्या अंधाराची भीती घालतो. रात्री एकटी जाऊ नको, केस मोकळे सोडू नको, तिन्हीसांजेला चिंचेखालून जाऊ नको. आणि घरात जे होतं त्यावर पडदा.

भूत दाखवून बाईला घाबरवणं एक, आणि बाईलाच भूत ठरवणं दुसरं. बहिणीच्या शेजारी एक सत्तरीच्या पुढच्या बाई एकट्या राहतात. हॅलोवीनला त्या उंच टोकदार टोपी घालून, नाकावर खोटा मस चिकटवून चेटकीण होऊन पायरीवर बसतात आणि मुलांना खाऊ वाटतात. मुलं त्यांना अजिबात भीत नाहीत. त्या टोपीकडे बघून मला मात्र सेलम आठवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या वस्तीत १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फासावर चढवलं, त्यातल्या चौदा बायका होत्या. पहिल्या तिघी आरोपी कोण, तर एक गुलाम, एक भीक मागणारी आणि एक आजारपणामुळे चर्चला न येणारी, जिच्याबद्दल इस्टटीवरून आधीच वाद होता. ज्या बाईच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही तिचंच नाव आधी येतं. तिकडे आता त्याचं सोंग झालं आहे, लोक हसतात. आपल्याकडे अजून हसायची वेळ आलेली नाही. नंदुरबारकडच्या डोंगरात ‘डाकीण’ ठरवलेल्या बाईला काय भोगावं लागतं ते तिथे काम करणाऱ्यांना विचारा. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात झाला, त्यात एखादीवर करणी-भानामतीचा आळ घेऊन तिला छळणं हा गुन्हा आहे. ही गोष्ट माहेरी-सासरी जिथे सांगता येईल तिथे सांगा.

मला कुणी विचारेल, तुम्ही अंधश्रद्धेविरुद्ध बोलता आणि भुताचे सिनेमे बघायचं समर्थन करता? करते. सिनेमा बघताना भूत खोटं आहे हे बघणारीला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ती चिवडा खाऊ शकते. छाती धडधडते, हात गार पडतात, आणि दीड तासाने दिवे लावले की घर होतं तसंच असतं. शरीराला भीतीतून जाऊन सुखरूप परत येण्याची थोडी तालीम होते म्हणा ना. करोनाच्या साथीत अमेरिकेतल्या काही संशोधकांनी पाहणी केली, तर भीतिपटांची आवड असलेल्यांना मानसिक त्रास थोडा कमी झालेला दिसला. त्यावरून लगेच औषध म्हणून कुणी सिनेमे लावू नयेत! ज्यांना रक्तदाबाचा, झोपेचा त्रास आहे त्यांनी तर नाहीच. आणि बाईला छळून छळून मारण्यातच ज्यांना रस आहे असे सिनेमेही निघतात, ते मी दहा मिनिटांत बंद करते. लहान मुलांसमोर तर काहीच नको. आमच्या लहानपणी गल्लीत व्हीसीआर भाड्याने आणून रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ लावला होता, तेव्हा माझी हीच बहीण आईच्या पदरात तोंड खुपसून बसली होती.

पण मावशीचा खरा आक्षेप भुतांना नव्हताच. एकटी बसते, याला होता. सणाला एकटी बाई दिसली की आपल्याला ती मोडलेली वाटते. तुम्हीच आठवून बघा, तुमच्या घरात तुम्ही अख्खी एक रात्र एकट्या, स्वतःच्या मर्जीने, शेवटच्या कधी होतात? माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. हे कुठे बाहेरगावी निघाले की आधी प्रश्न येतो, सोबतीला कोण? नाशिकची नणंद येते, नाहीतर शेजारच्या काकू अंथरूण घेऊन येतात, आणि कुणीच नसलं तर आठ वर्षांचा पुतण्या येतो. आता आठ वर्षांचं ते पोर रात्री बाथरूमला जायला मलाच उठवतं, ते माझं रक्षण काय करणार? पण तो पुरुषमाणूस, म्हणून सोबत. या सोबतीत माया आहे, नाही असं नाही. म्हाताऱ्या, आजारी बाईला, बाळंतिणीला सोबत हवीच. ज्या घरात खरोखर एकाकीपणा आहे, आठ आठ दिवस दाराशी कुणी येत नाही, तिथे आपण जाऊन बसलंच पाहिजे. बहिणीच्या त्या शेजारीण आजींच्या दारावरचा दिवा त्या रात्री साडेनऊपर्यंत चालू होता, मुलं यायची थांबली तरी. बहीण म्हणाली, दरवर्षी असंच असतं, म्हणून ती दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कॉफीला जाते. कुणाचा दिवा माणसं यावीत म्हणून लागलेला असतो आणि कुणाचा आज नको म्हणून मालवलेला, एवढं शेजाऱ्याला कळायला काय हरकत आहे? आणि कळत नसेल तर विचारावं. मुंजीच्या पंगतीत तिसऱ्याला विचारू नये.

माझी बहीण वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस माणसांत असते. दिवाळीला तिच्याकडे पंधरा-वीस जणी फराळाला जमतात, मी पाहिलं आहे. त्या एका रात्री तिला कुणी नको असतं. कुणासाठी स्वयंपाक नाही, कुणाच्या मर्जीचा चॅनल नाही, दचकलं तर ‘एवढं काय घाबरायचं’ म्हणून हसणारं कुणी नाही.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तिला किती पटलं कोण जाणे. ‘‘निदान देवाधर्माचं तरी काही बघावं,’’ एवढं म्हणाली.

माझा ‘सायको’ मात्र तिकडे अर्धाच बघून झाला. न्हाणीघराच्या प्रसंगानंतर बहीण कामावरून आली आणि तो राहिला तो राहिलाच. डीव्हीडी तिने येताना माझ्या बॅगेत टाकली आहे. आमचे हे पुढच्या महिन्यात तीन दिवस साताऱ्याला चालले आहेत. जाऊबाईंनी लगेच निरोप धाडला, सोबतीला पुतण्याला पाठवते म्हणून. या वेळी नको, असं मी त्यांना कळवलं आहे.